मिस्त्रीच्या नाकावरची मशीन

घरात नवी वस्तू आली की तिच्या मागोमाग किस्से येतातच. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा दोन-तीन झाले, पिठाची चक्की आली तेव्हाही झाले. पण ही झोपताना नाकावर लावायची सीपॅप मशीन आल्यापासून इतके जमलेत की दुकानात बसलो की कोणीतरी विचारतंच, "मिस्त्री, मशिनीचं काय नवीन?" मी सांगतो, सगळे हसतात. मीही हसतो, पण खरं सांगायचं तर मनातून हसू येत नाही.

*

आखाडा बाळापूरला माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या मी दुरुस्त करतो. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता माझा डोळा लागायचा. एकदा तर गिऱ्हाईक समोर बोलत असतानाच मी घोरायला लागलो. त्याला वाटलं, काम टाळायला मी सोंग करतोय! त्याने मोटार उचलली आणि दुसऱ्या दुकानात नेली.

शेवटी बायको, रेखा, मला नांदेडला घेऊन गेली. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "झोपेत तुमचा श्वास सारखा बंद पडतोय. असंच चाललं तर जिवावर बेतेल. झोपताना मशीन लावायचीच!"

रेखाने एक शंका विचारली, "डॉक्टरसाहेब, हे दुकानात बी झोपतेत. तिथं दुसरी लागंल का?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

*

माझा मित्र ग्यानबा मेंढरं राखतो. मशीन बघायला मुद्दाम घरी आला. उलटीपालटी करून म्हणाला, "किती एचपीची?"

"एचपीची न्हाई रे. लहान हाय. नाकात हवा दाबती."

"आरं, शिवारात एवढं वारं फुकट सुटलंय, अन् तू मशिनीतून घेऊन राहिला?"

आम्ही दोघं खूप हसलो. मग म्हटलं याला लावूनच दाखवू. माझ्या नाकावर मास्क चढवला, पट्टे आवळले, बटण दाबलं. ग्यानबाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "काढ बा," म्हणाला, "बघवत न्हाई."

चहा न घेताच गेला.

*

पहिले काही दिवस म्हणजे नुसता छळ! धावत्या मोटारसायकलवर तोंड उघडं ठेवून बसल्यासारखं वाटायचं. हवा आत आपोआप शिरायची, बाहेर सोडायला मात्र जोर लागायचा. सकाळी उठावं तर मास्क उशाखाली. झोपेत मीच ओढून काढलेला!

धाकटी लेक सई माझ्याजवळ झोपायची. तिने एके दिवशी आपलं पांघरूण उचललं आणि आजीकडे निघाली.

"काहून गं?"

"तुमाला दवाखान्यातल्यावानी लावलंय."

मी तिला समजवायला गेलो, पण मास्क काढायचं भान राहिलं नाही. त्यातून निघालेला माझा आवाज ऐकून ती जास्तच रडली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

*

मग कळलं की मिशीमुळे मास्कमधून हवा सुटते. काढली मिशी! न्हावी दोनदा म्हणाला, "बघा बरं, मिस्त्री." मला त्याचं म्हणणं उमगलं नाही.

आमच्याकडे आई-बाप गेले तरच माणूस मिशी उतरवतो. उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधलेला, मिशी गायब आणि झोप नसल्यामुळे डोळे लाल. झालं! दुपारपर्यंत बातमी पार कळमनुरीला पोचली. तिथून मामेभाऊ निघाला तो रडतच दारात आला.

दार मायनेच उघडलं!

"ये, आत ये. चहा टाकते," ती म्हणाली. "मी गेले न्हाई अजून."

बिचारा मान खाली घालून चहा प्यायला. तो गेल्यावर माय मला म्हणाली, "मी जित्ती असताना मिशी उतरवलीस रं." पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

*

लाईट गेली की मशीन बंद. मी घुसमटून उठतो, तर रेखा आधीच उठून बसलेली असते.

"तू तरी झोप की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"मग तुमचा श्वास चालू हाय का ते कोन बघंल? लग्न झाल्यापासून हेच करून राहिले मी."

इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

*

तरीही एक दिवस मी कंटाळलो. मशीन डब्यात घातली आणि डबा माळ्यावर टाकला. रेखा भांडली, रडली. माय माझ्या बाजूची!

"घोरल्यानं कोन मरतंय? याचा बाप असा घोरायचा की गल्लीतली कुत्री भुंकायची. त्यानं कुटं मशीन लावली?"

बाप झोपेतच गेला, मी लहान असताना. तकलीफ नाही, दवाखाना नाही, भाग्याचं मरण आलं असं सगळं गाव म्हणालं. मायही आल्यागेल्याला तसंच सांगायची.

रेखा शेपू निवडत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, घोरण्याचं भ्याव न्हाई. घोरता घोरता माणूस एकदम शांत होतो ना, तवा श्वास बंद असतोय. डॉक्टरनंच सांगितलं. तवा हलवून उठवावं लागतंय."

मायच्या हातातली शेपूची जुडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर माय स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढून बसलेली. मास्क पदराने पुसत होती.

"माय, पडली असतीस ना!"

तिने वर पाहिलं नाही. पुसता पुसताच म्हणाली, "त्या राती मी जागीच व्हते. तुझ्या बापाचं घोरणं थांबलं, अन् मला लई बरं वाटलं. म्हनलं, चला, आता झोप लागंल."