कातडीच्या आतलं राज्य

"मावशी, आई गेली... घरीच," मालतीचा मुलगा निषाद फोनवर म्हणाला. 'घरीच' ऐकलं आणि आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू मागाहून आलं.

मालती आणि मी एम.ए.ला एकत्र होतो, राज्यशास्त्र घेऊन. सार्वभौम सत्ता एकच, तिच्यावर कोणी नाही, हे मी तेव्हा असं ठणकावून सांगायचे, जणू राज्याभिषेक माझाच व्हायचा होता. मालती शेंगदाणे खात ऐकायची. "बरं, पण या सत्तेचा हुकूम माणसाच्या कातडीच्या आत चालतो का गं?" मला तो प्रश्न बावळट वाटायचा. ती मात्र तो आयुष्यभर कॉलेजात पोरांना विचारत राहिली, आणि मी मुलुंडच्या आम्हा दोघींच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून जिने चढणारी बाई डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर काही वाळत घालू नये, अशी नोटीस मी लावली, कारण मालतीच्या आमसुलांचे लाल डाग पडत. दुसऱ्या दिवशी बाई परात घेऊन दारात. "वाचली गं नोटीस. सही झकास आहे. नियम कोणाच्या भल्यासाठी, तेवढं लिहायचं राहिलं." मी कुरकुरत किल्ली दिली.

या उन्हाळ्यात आजार हाताबाहेर गेला. हॉस्पिटलात नेऊन फार तर थोडे दिवस वाढतील, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिला नळ्या नको होत्या, आपली खोली हवी होती. निषादनं तरी अँब्युलन्स बोलावली. "मावशी, तू सांग ना तिला. तुझं ऐकेल." माझं कोणी ऐकेल म्हटलं की मी अजून फुलते... तोंड उघडलंही होतं. मालती बघत होती. बोलायला दम नव्हता, पण वर गेलेली भुवई तीच, शेंगदाण्यांच्या वेळची.

"निषाद," मी म्हणाले, "तिच्या कातडीच्या आत तुझं चालत नाही रे. माझंही नाही."

"मग मी करू काय?"

"बस तिच्यापाशी."

तो बसला. तिचा हात हातात घेतला. अँब्युलन्स रिकामी परत गेली. मालती पुटपुटली, "शिकलीस एकदाची."

तिची यंदाची आमसुलं अर्धवट राहिली होती. रसात बुडवून पुन्हा वाळवायची, ते काम मी घेतलं. आता सेक्रेटरी दुसरे आहेत, फार उत्साही. परवा त्यांनी गच्चीबद्दल नोटीस लावली. मी चष्मा लावून पूर्ण वाचली, सही चांगली आहे. मग वर जाऊन आमसुलं उलटून आले.