पाव्हण्यांच्या जीपची हवा

आमच्या गल्लीत आजवर एकच चोर पकडला गेला, आणि तो मी.

मी मूळचा किनवटकडचा. नववीत शाळा सोडली, रस्त्याच्या कामावर उमरग्याला आलो आणि इथंच राहिलो. मुकादमांनी भाकरी दिली, घरात जागा दिली, वर पोरगीही दिली! (तेच माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो.) आपल्या हातून या घराचं नाव खराब होऊ नये, ही धास्ती मला झोपेतसुद्धा असते.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या एकामागून एक गायब व्हायला लागल्या. त्यात कानठळ्या बसवणाऱ्या बुलेटी आणि वाटेत आडव्या लावलेल्या गाड्या. पोलीस ठाण्याच्या जमादारांनी मारुतीच्या देवळासमोर बैठक घेतली.

"घरटी एक माणूस पाहिजे. संशयाची गाडी दिसली की फोटो ग्रुपवर टाकायचा. हात लावायचा न्हाय!"

"आमचे जावई हायत की," मामा म्हणाले.

मला शिट्टी मिळाली. शाळेत मला कुणी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं. डोळे भरून आले.

पुढच्याच रविवारी माझी मेव्हणी रेखा हिला बघायला बसवकल्याणचे पाव्हणे यायचे होते, पाच वाजता. आधीची दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. हे तिसरं. मुलगा वायरमन, आणि फोटो बघून रेखाला पसंत पडलेला.

"जावई, आज गल्लीत गडबड नको," मामांनी बजावलं.

"मामा, तुम्ही निर्धास्त राहा!" (मी असं म्हटल्यावर कुणीही निर्धास्त राहू नये.)

तीन वाजता गल्लीच्या त्या टोकाला दोन बुलेटवाल्यांना दम देऊन परत येतो, तर देवळासमोर जीप आडवी! कर्नाटक पासिंग! आत माणूस न्हाय! माझी खात्रीच पटली, हीच बॅटऱ्यांची गाडी. (उमरग्यात निम्मे सोयरे कर्नाटकातले असतात, हे तेव्हा आठवलं असतं तर!) पाव्हणे यायच्या आत चोर पळाला तर? मी फोटो काढला. मग जमादारांचं शेवटचं वाक्य तेवढं विसरलो आणि चारी चाकांच्या व्हॉल्व्हमधल्या पिना काढून खिशात टाकल्या. जीप फुस्सकन खाली बसली. ग्रुपवर लिहिलं, "चोराची गाडी धरली. हवा सोडली. चोर जवळच हाय."

पहिलं उत्तर रेखाचं आलं. "दाजी, तुमचे चोर आपल्या घरात पोहे खायलेत. लवकर आले."

दुसरं जमादारांचं. "निघालो."

मी घराकडं धावलो. मुलाचे वडील हात पुसत उठले होते. "बरंय, कळवतो," असं म्हणत ते बाहेर आले आणि देवळासमोरची जीप बघून थबकले.

"अय्यो! चारीबी?"

तेवढ्यात जमादार पोचले. मागं ग्रुप वाचून अख्खी गल्ली, काठ्या घेऊन!

"चोर कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"खिशात काय हाय?"

चार पिना निघाल्या.

"हे कोण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"आमचे... थोरले जावई." मामांनी माझी ओळख इतक्या हळू आवाजात कधीच करून दिली नव्हती.

पंक्चरवाला नेमका लग्नाला गेलेला. पिना परत बसवल्या, शेजाऱ्यांकडून पायानं मारायचा पंप आणला. एक चाक भरता भरताच मी आडवा झालो. मग नवरा मुलगा पंप मारायला उतरला, घामानं निथळला. रेखा पदर खोचून पुढं आली.

"दमलात व्हय? सरका."

"दमलो न्हाय! आळीपाळीनं मारू की."

आत वडीलधाऱ्यांसमोर दोघांच्या तोंडून नावाखेरीज शब्द निघाला नव्हता. इथं दोन तास हवा भरता भरता बोलणं काही संपेना. शेवटचं चाक दगडागत टणक झालं तरी पंप चालूच!

"अहो, बास!" जमादार ओरडले. "टायर फुटंल!"

मुलाच्या वडिलांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "कळवतो म्हणलो हुतो. आता काय कळवायचं? दिसायलंच की!"

लग्नात मामांनी मला हाताला धरून पार पुढं नेलं, आपल्या शेजारी मानाच्या खुर्चीवर बसवलं. मला गहिवरून आलं. मामा कानाशी वाकले.

"जावईबापू, अक्षता पडंपर्यंत इथनं उठायचं न्हाय. बाहेर बावीस गाड्या हायत."