दाक्षायणीचा वड

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भेगेत वडाची रोपं उगवायची. दाक्षायणीनं त्यातलं एक उपटून उथळ कुंडीत लावलं. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती घरीच शिवणकाम करायची. बोन्साय हा शब्द तिनं मोबाइलवर पहिल्यांदा ऐकला होता.

पहिलं रोप तिनंच मारलं. कुंडीत शेतातली काळी माती भरली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पानं पिवळी पडली, तशी आणखी घातलं. शेवटी उपटून पाहिलं तर मुळं कुजून गेलेली.

दुसऱ्याला विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं शेणखत. बोटाला कोरडं लागलं तरच पाणी. फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळली, पण ती काढायला उशीर झाला. तार सालीत रुतून व्रण राहिला. तेव्हापासून ती रोज खोडावरून बोट फिरवायची.

तिसऱ्या वर्षी एक पारंबी सुटली, दोऱ्याएवढी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती टिकेना, म्हणून दाक्षायणीनं तिच्यावर स्ट्रॉ चढवला आणि आत थेंब थेंब पाणी सोडत राहिली. पारंबी मातीपासून बोटभर वर होती. "ती टेकली की मग हा वड," असं ती म्हणायची.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरची महेश्वरी वर आली.

"तुझा वड दे की गं. एवढ्या उन्हात लांब कोण जातंय? पार्किंगमधीच पूजा करू."

दाक्षायणी हरखली. पानं पुसली, सकाळी कुंडी स्वतः खाली नेली. बायका नटून उभ्या होत्या.

"ठेव तितं. अन् जा आता वर," महेश्वरी म्हणाली.

"कडेला थांबते, अक्का. पारंबी तेवढी सांभाळा."

"खुळी का काय तू? आमी नवऱ्यासाठी दोरा गुंडाळायचा अन् तू समोर उभी? झाड तुझं हाय, पण नवरे आमचे जित्ते हायेत."

कुणीतरी फिसकन हसलं. दाक्षायणी जिना चढली.

दुपारी ती कुंडी आणायला उतरली. खोडाला दोऱ्याचे वेढ्यावर वेढे. कुंडी दुधापाण्यानं तुडुंब. स्ट्रॉ फरशीवर पडलेला, पारंबी तुटून त्यातच अडकलेली.

एवढ्यात महेश्वरीनं येऊन कुंडी उचलली, ती आपल्या दाराकडे न्यायला.

"पुजलेला वड आता तुझ्या हाती कसा द्यायचा? आमच्याकडंच राहू दे. वाईट वाटून घेऊ नको हं. पाणी किती घालायचं तेवढं सांग."

दाक्षायणीनं वाकून स्ट्रॉ उचलला.

"सकाळ-संध्याकाळ. काठोकाठ."

"उन्हात ठेवू?"

"नको. देव्हाऱ्याजवळ ठेवा."

"अन् हा दोरा?"

"काढू नका, अक्का. पूजेचा हाय की."

श्रावणात महेश्वरी धापा टाकत वर आली.

"अगं, पानं पिवळी पडाय लागलीत!"

दाक्षायणीनं शिलाई मशीन थांबवलं नाही.

"पाणी कमी पडतंय," ती म्हणाली.