सुमननं धुतलेलं इंजिन

फोन आला तेव्हा मी घाटनांदूरला दारात शेंगा फोडत बसले होते. पलीकडून भावजय, सुमन. "आक्का, ह्यांचा चहा तसाच हाय हो..." एवढंच बोलली, आणि मला कळलं. आमचा धाकटा भाऊ, दत्तू, धारूरला भर दुपारी गॅरेजातच गेला. एका गाडीचं इंजिन उघडं टाकून.

दत्तूचं सगळं आयुष्य इंजिनात गेलं. इंजिनातल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा त्यानं जुन्या जॅकच्या स्क्रूपासून स्वतःच केला होता. स्प्रिंग दाबायची, नखाएवढे लॉक चिमट्यानं काढायचे, मग शिकंजा हळूहळू सैल करायचा. निसटली तर डोळाच जायचा, एवढा तिच्यात जोर. मी एकदा म्हटलं, "एवढ्याशा स्प्रिंगला कावून एवढा भितोस रे?" तर हसला. "आक्का, दाबलेलं हळू सोडावं लागतं. तुझ्या तोंडासारखं न्हाई ते." आता बोला! कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, काढला की त्याच्यावरच्या लोखंडी कॅप तो पोत्यावर ओळीनं मांडायचा. दिसायला सगळ्या सारख्या, पण जिथली तिथंच बसवावी लागते, न्हाईतर दांडा अडकतो. त्या पोत्याजवळ तो मांजरालाही फिरकू देत नसे.

त्या दिवशीची गाडी बाळूची. माणसं ने-आण करून त्याचं घर चालतं. तेराव्याला आला, हात जोडून बसला, गाडीचं नावही काढलं न्हाई बिचाऱ्यानं. सुमनलाच राहवेना. दत्तूचा दोस्त रशीद अंबाजोगाईला गॅरेज चालवतो, त्याला तिनं बोलावून घेतलं.

रशीद आला, बघतो तर पोतं रिकामं. सुतक फिटल्यावर घर धुतात तसं सुमननं गॅरेजही धुऊन काढलं होतं. कॅपसुद्धा. गरम पाण्यानं, साबणानं घासल्या, उन्हात वाळवल्या, गंजू नयेत म्हणून खोबरेल लावलं आणि एका घमेल्यात भरून ठेवल्या. चांदीसारख्या चमकत होत्या.

"भाभी, ह्यातली कुठली कुठं होती?"

"काळ्या झालत्या... म्हणून धुतल्या." मग तिच्या ध्यानात आलं. "ह्यांच्या हातचं शेवटचं काम, अन् मीच नासवलं व्हय?"

रशीदनं एक कॅप उचलली, दाराच्या उजेडात नेली, अंगठ्यानं तेल पुसलं. मग म्हणाला, "इकडं या भाभी. हात लावून बघा." कडेला टोकदार पंचानं ठोकून मारलेले तीन बारीक ठिपके. खाली इंजिनावर, त्या कॅपच्या जागेशेजारी, तसेच तीन. दुसरीला दोन, अजून एकीला पाच...

"विसरलोच होतो बघा. हे ठिपके मारताना मी त्याला चिडवायचो, बुढ्ढा झालास बे, ध्यानात राहात न्हाई का? तर म्हणायचा, माझ्या विसरण्यापायी नव्हं, सुमनच्या भ्यानं मारतो. लई धुती ती. एक दिवस इंजिनबी घासून ठिवील."

सुमन हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. रडतही होती म्हणा... मग पदर खोचून घमेल्यापाशी बसली. एकेक कॅप घ्यायची, ठिपक्यांवरून अंगठा फिरवायची, आणि रशीदच्या हातात द्यायची. शेवटची द्यायला तिला फार वेळ लागला. रशीदनं मागितली न्हाई, थांबून राहिला.

वरचं झाकण बसलं. आता ते ठिपके कुणाला दिसायचे न्हाईत. बाळूची गाडी रोज घाट चढते-उतरते. परवा मी धारूरला गेलते, तेव्हा ती दारावरून गेली. सुमन भांडी घासत होती. हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली, आवाज पार लांब जाईपर्यंत...