बसचा पाट

माझ्या मामेसासऱ्यांइतकं, म्हणजे नानांइतकं, मनापासून संतापणारं माणूस अख्ख्या जळगावात दुसरं नसेल. भाजी खारट झाली तर नाना गुमान जेवत. पण त्यांच्या मेहरूण भागाची शहर बस उशिरा आली की त्यांना त्यात देशाचा अपमान दिसे. हयात पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून गेलेली. त्यात कुठल्याशा मासिकात त्यांनी परदेशातल्या शहराचं चित्र पाहिलं. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, मधून फक्त बस, आणि चाकांना वळण देणारा ड्रायव्हर नव्हे, तो कठडाच. "पाण्याला पाट काढून दिला की ते शेवटच्या वावरापर्यंत जातं, मग बसला पाट का नको?" असं ते न्हाव्याला विचारत, लग्नाच्या पंगतीत विचारत, आणि एकदा तर पाचोऱ्याला दुखवट्याला गेले असताना तिथेही विचारून बसले. पालिकेच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "नाना, इथे गटारीला जागा नाही." त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच घरासमोरच्या रस्त्यावर दुतर्फा दगड मांडून पाट काढला. त्यात पहिली शिरली केळीची बैलगाडी. मागोमाग बस. बैल आपल्या चालीने निघाले, बसला बाजू काढता येईना. नेमक्या त्याच बसमध्ये गावातल्या बहिणीकडून परतणाऱ्या आमच्या मामी होत्या. त्या उतरून उन्हातून चालत आल्या आणि म्हणाल्या, "हाई काय शे? बस उशिरा तरी येत व्हती. आज मी पायी उनू."

नानांनी दगड उचलले, पण बैलांना शिस्त नाही हे पुढे महिनाभर ऐकवलं. बसला स्वतंत्र रस्ता मिळेपर्यंत तिच्यात पाय ठेवणार नाही, अशी शपथही घेतली.

दोनेक वर्षांत मामींचे गुडघे गेले. बहिणीकडे जाणं सुटलं. बहीण एकटी बसने यायला घाबरे, आणि तिच्याशी नानांचा एका लग्नातल्या मानपानावरून कायमचा अबोला.

एका दुपारी मी नाना-मामींकडेच निघालो होतो. बसमध्ये चढलो तर नाना दांडीला धरून उभे. समोर मेहुणीबाई बसलेल्या, त्यांची पिशवी नानांच्या हातात. वाटेत शेळ्यांचा कळप आडवा आला आणि बस थांबली. आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत राहिलो. नाना हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो. बहिणी जरा उशिरा भेटतील, एवढंच."

घर येईपर्यंत दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. मामी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. नानांनी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली आणि दोघींच्या बोलण्यात आपली अडचण नको म्हणून मुकाट्याने मागच्या दारी जाऊन बसले.