प्रज्ञाच्या हातातला गेम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आमच्या जैनांत पर्युषण संपलं की एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. दरवर्षी मी हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणत घरोघर फिरते. जावेची मागते, शेजारणीची मागते, जिच्याशी वर्षभरात दोन शब्दही बोलले नाही तिचीही मागते. जिची मागायला हवी, तिच्या दारात मात्र कधी गेले नाही.

तुम्हाला का सांगते आहे? नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट तशी लहान आहे. म्हणजे — मी इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले. नव्वदच्या दशकातली, मी अकरावी-बारावीला होते तेव्हाची. आमचं गाव हातकणंगल्याजवळ. सकाळच्या पॅसेंजरनं मी कोल्हापूरला कॉलेजला जायची आणि माझ्याबरोबर प्रज्ञा असायची. तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत अशी ही मुलगी. आमच्याकडं पोरीही स्वतःला ‘येतो, जातो’ म्हणतात, पण तिच्या तोंडी ते असं शोभायचं की डब्यातली माणसं वळून बघायची. “ए त्रिशे, हिकडं! जागा धरलीया!” ती ओरडायची आणि मी, त्रिशला, गर्दीतून तिच्याकडं सरकायची.

तिचा मामा जहाजावर फिटर होता. दहावीला तिला चांगले मार्क पडले म्हणून त्यानं बाहेरच्या देशातून तिला एक व्हिडिओ गेम आणला. टीव्हीला जोडायचा नव्हे, हातात मावणारा. राखाडी डबी, हिरवट काच, चार पेन्सिल सेल. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून ओळीत बसवायचे. बस्स, एवढंच. पण तुम्हाला सांगते, त्या एवढ्याशा काचेत काय होतं ते मला अजून शब्दांत धरता येत नाही. आमच्या घरी करमणूक म्हणजे रविवारचा टीव्ही, तोही वीज असली तर. आणि इथं एक यंत्र, जे फक्त माझ्या बोटांचं ऐकत होतं!

फक्त माझ्या — नाही, हे खोटं झालं. आमच्या दोघींच्या. आम्ही तो मिळून खेळायचो. डावीकडची बटणं ती दाबायची, उजवीकडची मी. तिनं ठोकळा सरकवायचा, मी फिरवायचा. खांद्याला खांदा, डोक्याला डोकं. रुकडी गेली, पंचगंगेचा पूल गेला, वळिवडे गेलं, काही कळायचं नाही. कोल्हापूर आलं की ती गेम दप्तरात ठेवायची, आणि मी दिवसभर वर्गात फळ्यावर ठोकळे बघत बसायची.

मामालाही मी पाहिलं होतं. एकदा सुट्टीवर आला तेव्हा आम्हाला स्टेशनवर सोडायला आला होता. पांढरे बूट, हसरा चेहरा. मलाही चॉकलेट दिलं. गेमबरोबर त्यानं लिहिलेलं पत्र प्रज्ञानं मला गाडीत वाचायला दिलं होतं. हे लक्षात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

बारावीच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती म्हणाली, “गेम इकायचा म्हंतोय मी.” तिला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावायचा होता, आणि वडिलांकडं मागायचं नव्हतं. “तुला पायजे आसंल तर तुलाच देतो. शनवारपर्यंत सांग. तवर दुसऱ्या कुणाला न्हाई म्हंतो.”

केवढा आनंद झाला! तो गेम माझा होणार! माझ्याकडं भाऊबिजेचे साठवलेले पैसे होते, थोडे आईकडून मिळाले असते. मग ठरवायला पाच दिवस कशाला हवेत? पण मला लागले. कारण घरी विचारायचं होतं, आणि घरी विचारायचं म्हणजे गेम कुणाचा ते सांगायचं होतं.

आई भाकरी थापत होती. मी सांगितलं. “कुठली प्रज्ञा?” तिनं विचारलं. मी तिच्या वडिलांचं नाव घेतलं, आडनावासकट. आईचा हात परातीत थांबला. ते कुटुंब बौद्ध आहे, गावाच्या कुठल्या बाजूला राहतं, हे सगळं त्या एका आडनावात होतं. रोज गाडीत कुणाशेजारी बसते हे मी घरी दीड वर्षं सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं होतं का? — हो, मुद्दामच.

“नवा घिऊया की,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही, रागावलीही नाही. “दुसऱ्याच्या हातातला कशाला?”

चुलतभावाची वापरलेली सायकल आमच्या घरात आली होती. ताईची जुनी पुस्तकं मी वापरत होते. ‘दुसऱ्याच्या’ म्हणजे काय, ते मला कळलं. आईला उलटून काही विचारता आलं असतं. मी ताट घेतलं आणि जेवायला बसले.

पुढचे चार दिवस मी प्रज्ञाला ‘बघतो, सांगतो’ म्हणत राहिले. घ्यायचा तर घरात लपवायचा कुठं? नाही घ्यायचा तर तिला कारण काय सांगायचं? रोज गाडीत तो हातात यायचा आणि रोज वाटायचं, आता हो म्हणून टाकावं. बोटं त्याच्यावरून निघायची नाहीत.

शुक्रवारी कॉलेजच्या लेडीज रूममध्ये मनीषा आरशापुढं वेणी घालत होती. आमच्याच वर्गातली, कोल्हापूरची, पैसेवाल्या घरातली. प्रज्ञा प्रॅक्टिकलला गेली होती. “काय गं,” मनीषा म्हणाली, “चांगला हाय काय तो प्रज्ञाचा गेम? ती म्हंती शनवारनंतर बघू. मी घ्यावा म्हंतोय.”

मला दिसलं — तो गेम मनीषाच्या हातात, तिच्या बंगल्याच्या गॅलरीत. मला कधीच मिळणार नाही आणि हिला मिळणार. ही आरशातून नजरही न काढता घेऊन टाकणार.

मी म्हणाले, “घे की. पण बघून घे. कुठनं आलाय काय म्हाईत.”

हेच ते. एवढंच वाक्य. चोरीचा म्हणाले नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या कुठल्या मुलीबद्दल बोलले असते तर ते तिथंच विरून गेलं असतं. प्रज्ञाबद्दल ते चिकटलं, कारण ती कुठल्या घरातली आहे हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते चिकटेल, हे बोलताना मला ठाऊक होतं. नकळत तोंडातून गेलं, असं मी कितीदा तरी स्वतःला समजावलं आहे. नकळत गेलं नाही.

शनिवारी मी प्रज्ञाला ‘पैसं जमंनात’ म्हणून नाही सांगितलं. सोमवारपर्यंत त्या वाक्याचं भलतंच काही झालं होतं. एका मुलीनं सांगितलं, तिच्या भावाचा असलाच गेम दोन महिन्यांपूर्वी हरवलाय. मुलींवर लक्ष ठेवणाऱ्या मॅडमनी प्रज्ञाला बोलावलं. लेडीज रूममध्ये सगळ्यांदेखत तिचं दप्तर टेबलावर उपडं केलं. वह्या, कंपास, डबा, आणि शेवटी तो. “बिल कुठाय?” मॅडमनी विचारलं. मामानं दिलाय, त्याचं पत्र घरी आहे, प्रज्ञा म्हणाली. “पत्र काय, कुणीही लिहील.” गेम ऑफिसातल्या कपाटात गेला. तिचा तो दणदणीत आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला.

नंतर मॅडमनी मला एकटीला स्टाफरूमबाहेर बोलावलं. प्रज्ञा तिथं नव्हती. “तू तिच्याबरोबर येतेस ना रोज? तुला काही माहीत आहे का ह्याबद्दल?” त्या काही वाईट बाई नव्हत्या. त्यांना खरंच कुणीतरी सांगायला हवं होतं. मामाचं पत्र, पांढरे बूट, चॉकलेट — सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग ही आवई उठवली कुणी?

“मला काही माहीत नाही, मॅडम.”

प्रज्ञाचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा टाकून आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात ते पत्र. दुपारभर ऑफिसबाहेर उभे होते. कुणी बाकावर बसा म्हणालं नाही. मी समोरच्या जिन्यावरून बघत होते. असे ते तीनदा येऊन गेले. मग त्या मुलीच्या भावाचा गेम तिच्याच घरी, माळ्यावरच्या पेटीत सापडला. मॅडमनी प्रज्ञाचा गेम परत दिला आणि गैरसमज झाला म्हणाल्या. तिच्या वडिलांनी हात जोडले. “आभारी आहे,” म्हणाले. ते! आभारी!

तोवर क्लासची बॅच सुरू होऊन गेली होती. आणि गेम परत आला तरी मुली काही परत आल्या नाहीत. प्रज्ञा बाकावर बसली की शेजारचीला अचानक दुसरीकडं काम निघायचं. मी मात्र तिच्याशेजारी बसत राहिले, गाडीत आणि वर्गातही. का? प्रेम होतं, हो. पण उठले तर तिला संशय येईल ही भीती जास्त होती.

पुढं एक दिवस ती म्हणाली, “चल, शाहूपुरीत इकून टाकू. मला बघवंना त्यो.” स्टेशनजवळ टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं जुन्या वस्तू घ्यायचे. ती आत गेली, मी पायरीवर थांबले. दुकानदारानंही बिल विचारलं. तिनं मामाचं पत्र पुढं ठेवलं. बाहेर आली तेव्हा तिनं माझा हात धरला होता, स्टेशन येईपर्यंत.

गेम दुकानाच्या काचेच्या कपाटात लागला. आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात जड जातंय. मी रोज तो बघायला जायची. प्रज्ञा लायब्ररीत असली की काहीतरी निमित्त काढून शाहूपुरीत जायची आणि काचेपुढं उभी राहायची. इतकं सगळं होऊनही हाव गेली नव्हती. उलट वाढली होती. आणि मग लक्षात आलं, आता तो प्रज्ञाचा राहिलेला नाही. दुकानातला झाला आहे. आता घरी कुणी काही विचारणार नाही.

मी तो घेतला.

आईनं हातात धरून उलटापालटा करून बघितला. “दुकानातला हाय न्हवं? मग बरं.” तोच गेम होता. कोपऱ्यावर प्रज्ञाच्या नेलपॉलिशचा ठिपकाही होता.

खेळायची कुठं? गाडीत नेणं शक्य नव्हतं. घरामागच्या परड्यात, गोठ्यामागं बसून खेळायची. एकटीनं दोन्हीकडची बटणं दाबायची. सगळं जमायचं, आणि तरी डावा खांदा रिकामा वाटायचा. ती दहा मैलांवरही नव्हती, गावाच्या पलीकडच्या टोकाला होती. तिच्यासाठी जीव तुटायचा, आणि तिचा गेम माझ्या मांडीवर असायचा. असं झुरणं तुम्ही कधी पाहिलंय का? पावसाळ्यात सेल आतच फुटले आणि तो बंद पडला. मी तो कुणाला दाखवला नाही, दुरुस्तीलाही टाकला नाही.

प्रज्ञा डॉक्टर झाली नाही. तिनं बी.एस्सी. केलं, गावं बदलली, पत्रं हळूहळू थांबली. माझं लग्न पन्हाळ्याच्या बाजूला झालं.

दहाएक वर्षांनी सासऱ्यांच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी नवऱ्याबरोबर पन्हाळ्याला तहसील कचेरीत गेले. शिपायानं आत सोडलं आणि टेबलापलीकडून आवाज आला, “ए त्रिशे!” स्पर्धा परीक्षा देऊन ती नायब तहसीलदार झाली होती. खुर्चीतून उठून आली, मला घट्ट धरलं, चहा मागवला. मग नवऱ्याकडं वळली.

“पावणं, तुमाला सांगतो. बारावीला माज्यावर चोरीचा आळ आलता. कॉलेजातली एकबी पोरगी माज्याजवळ बसत नव्हती. ही एकटी बसायची. ही नसती तर मी कॉलेजच सोडलं आसतं बघा.”

नवरा माझ्याकडं बघत राहिला. इतक्या अभिमानानं त्यानं त्याआधी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी मान खाली घातली. त्या दोघांना वाटलं, लाजले.

तेव्हा सांगता आलं असतं. दार बंद होतं, कचेरीत गर्दी नव्हती, तिला घाईही नव्हती. मनीषाला ते वाक्य मी बोलले होते, मॅडमशी खोटं मी बोलले होते, गेम मी घेतला होता. तीन वाक्यांचं काम.

“साखर कमी हाय काय गं?” माझ्या कपाकडं बघून तिनं विचारलं.

“न्हाई,” मी म्हणाले, “बरोबर हाय.” आणि सगळा चहा प्याले.