हळदीकुंकवाचा पहिला मान

वृंदाला मी तोंडावर भांडकुदळ म्हणायचे, आणि कौतुकानं म्हणायचे. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर बरीच मराठी कुटुंबं जपान सोडून गेली, त्याच सुमारास ती आणि तिचा नवरा पार्थ बँकेच्या बदलीवर ओसाकाला आले. कोन्बिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या छोट्या दुकानातली, पार्टटाइम नोकरी सांभाळून ती एका इंग्रज बाईची कादंबरी मराठीत आणत होती. या मिसेस लॉरिमरनी दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या उच्चभ्रूंची अशी सालटी काढली, की त्यांनी तिला घरी बोलावणंच सोडलं. पुढे जगही तिला विसरलं, याचा वृंदाला स्वतःचा अपमान झाल्यासारखा राग होता.

उच्चभ्रू ओसाकातल्या आम्हा मराठी मंडळींतही होतेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तबक वयानं नाही, नवऱ्याच्या हुद्द्यानं फिरायचं. पहिला मान ज्योत्स्नाकाकूंचा, कारण त्यांचे यजमान पार्थचे साहेब. सिंधूकाकू सगळ्यांत वडील, पण मुलाकडे राहायला आलेल्या आणि यजमान निवृत्त मास्तर. त्यांना हुद्दाच नाही, म्हणून त्या दाराशी, चपलांजवळ बसत.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवात वृंदानं भाषांतराचं एक प्रकरण वाचायचं ठरलं. ज्योत्स्नाकाकूंनी ते आधी मागवून घेतलं. त्यात मेजवानीला आत जाणाऱ्या बायकांची रांग होती: उमरावाची बायको पुढे, बाकीच्या आपापल्या नवऱ्यांच्या पायरीनं, आणि म्हातारी मावशी शेवटी, गारढोण सूप प्यायला. भाषांतराच्या आडून आपल्यालाच टोमणा मारलाय, अशी काकूंची खात्री झाली. त्यांनी वृंदाला फोनवर ते पान गाळायला सांगितलं. पार्थच्या इथल्या नेमणुकीची मुदतवाढ साहेबांच्या हातात आहे, हेही गोड आवाजात सांगितलं.

मी म्हटलं, गाळ बाई, एका पानानं काय बिघडतं. पार्थ घाबरला होता, तरी वाच म्हणाला.

हळदीकुंकवाला वृंदानं मूळ इंग्रजी पुस्तकच ज्योत्स्नाकाकूंपुढे ठेवलं.

"काकू, हे तुमच्यावर लिहिलेलं नाही. तरी तुम्हाला लागलं, त्याला मी काय करू? हे लिहिणाऱ्या बाईला सगळ्यांनी गाळलं. मी एक ओळही गाळणार नाही."

आणि तिनं सगळं वाचलं. मावशीच्या सुपापाशी सिंधूकाकू खुदकन हसल्या, आणि मग हसतच राहिल्या. बाकी सगळ्या ज्योत्स्नाकाकूंच्या तोंडाकडे बघत होत्या. तबक माझ्या हातात होतं. मी ते घेऊन सरळ दाराशी गेले आणि पहिलं कुंकू सिंधूकाकूंना लावलं.

पार्थची मुदत वाढली नाही. मार्चमध्ये दोघांनी गाशा गुंडाळला. वृंदाला त्याचं वाईट वाटलं, पश्चात्ताप मात्र झाला नाही. आमचं तबक अजून दारापासूनच फिरतं, आणि ज्योत्स्नाकाकू आपली पाळी येईपर्यंत थांबतात.